कॅमेऱ्याची किल्ली कोणाच्या हाती?

चोर घरात शिरू नये म्हणून आपण दाराला कुलूप लावतो. कुलूप मोडले तर निदान सकाळी ते कळते तरी. परंतु पहाऱ्याला ठेवलेला राखणदारच रात्री दुसऱ्याची चाकरी करू लागला आणि सकाळी पुन्हा निमूटपणे आपल्या दारात उभा राहिला, तर घरमालकाला ते कळावे कसे? वाचकहो, हा प्रश्न आज कल्पनेतला राहिलेला नाही. दुकानावरचा कॅमेरा, घरातला वायफायचा डबा, भिंतीवरचा टीव्ही, मनगटावरचे पावले मोजणारे घड्याळ ही सारी यंत्रे इंटरनेटच्या जाळ्याला जोडलेली असतात. ती जशी आपल्याला दूरचे दाखवतात, तशीच दूरच्या माणसाला आपले घरही दाखवू शकतात.

एके काळी असा कॅमेरा फक्त बँकेत आणि सराफाच्या पेढीवर दिसे. आज तो किराणा दुकानात, चाळीच्या जिन्यात, शिकवणीच्या वर्गात, विहाराच्या आवारात आणि आजारी आईवर लक्ष राहावे म्हणून दोन खोल्यांच्या घरातही आला आहे. भिशीचे पैसे लागले की आपली माणसे तो घेतात. बसवणारा मुलगा येतो, तासाभरात वायरी ओढतो, मोबाईलवर चित्र दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. पासवर्ड काय ठेवला हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. आम्ही आमच्या वसाहतीत चार घरी चौकशी केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : "ते कॅमेरेवाल्याला ठाऊक."

ही जोडलेली यंत्रे सुरक्षित कशी ठेवावीत आणि गुन्हा घडल्यावर त्यांच्या पोटातला पुरावा कसा बाहेर काढावा, यावर जगातील विद्यापीठांत अनेक वर्षे संशोधन चालू आहे. दुसऱ्या भागाला डिजिटल न्यायवैद्यक म्हणतात. हे संशोधन इंग्रजी निबंधांत पडून राहते. त्यातले जे आपल्या कुटुंबांच्या कामाचे आहे, ते साध्या भाषेत मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कॅमेऱ्यांची फौज

ऑगस्ट २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरू लागला. मिराई या जपानी शब्दाचा अर्थ भविष्य. त्याची रीत अगदी साधी होती. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. हा प्रोग्रॅम वाटेल त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावी. दार उघडे दिसले की आपल्या यादीतली नावे आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाही. यादीत अशा साठाहून थोड्या जास्त जोड्या होत्या. 'अॅडमिन-अॅडमिन', 'रूट-रूट', 'रूट-१२३४५' अशा त्या जोड्या. यात कसली अक्कलहुशारी? हे पासवर्ड कारखान्यातूनच घालून दिलेले होते आणि विकत घेणाऱ्याने ते बदललेले नव्हते, एवढेच मिराईचे भांडवल.

एकदा यंत्रात शिरला की तो त्याच यंत्राकडून पुढची दारे ठोठावून घेई. पहिल्या वीस तासांत सुमारे ६५ हजार यंत्रे त्याच्या ताब्यात गेली. ऐन भरात हा आकडा सहा लाखांवर पोहोचला. मालकाला मात्र पत्ता नाही. कॅमेरा चित्र दाखवतोच आहे, राउटर चालतोच आहे. राखणदार जागेवर आहे, पण हुकूम दुसऱ्याचा घेतो आहे.

ही फौज करायची कशाला? रेशन दुकानासमोर हजारो खोटी गिऱ्हाइके एकाच वेळी उभी केली आणि प्रत्येकाने फक्त "आहे का?" असे विचारून परत रांगेत उभे राहायचे ठरवले, तर खऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर कधी लागणार? दुकान न फोडता दुकान बंद पडते. मिराईने हेच केले. सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रायन क्रेब्स या अमेरिकन पत्रकाराच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट एवढा लोंढा सोडण्यात आला. हा पत्रकार इंटरनेटवरचे गुन्हे उघडकीस आणणारा. म्हणजे पहिल्या मोठ्या घावांपैकी एक लेखणीवर पडला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस मिराईचा मूळ मजकूर कर्त्यांनी स्वतःच जगजाहीर केला आणि मग ज्याला हवे त्याने तो उचलला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला. ही कंपनी इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगण्याचे काम करी. पत्ते सांगणाराच गुदमरल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशी मोठमोठी नावे अमेरिकेतल्या लाखो लोकांना काही तास सापडेनाशी झाली.

मूळ कर्ते कोण निघाले? कोणा शत्रुराष्ट्राचे सैन्य नव्हे, तर विशीतले तीन अमेरिकन तरुण. माइनक्राफ्ट नावाचा खेळ मुले इंटरनेटवर खेळतात. त्या खेळाचे सर्व्हर चालविण्याच्या धंद्यातली चढाओढ हे या साऱ्याचे एक मूळ होते. त्यांनी २०१७ च्या डिसेंबरात गुन्ह्याची कबुली दिली. तपासयंत्रणेला पुढे केलेल्या मदतीमुळे २०१८ मध्ये त्यांना तुरुंगवास न देता पाच वर्षांची देखरेख, २५०० तासांची समाजसेवा आणि नुकसानभरपाई अशी शिक्षा झाली.

ओसाड गावातली पाळत

आता संशोधक काय करतात ते पाहू. मिशिगन, इलिनॉय, जॉर्जिया टेक अशा संस्थांतील संशोधकांनी काही कंपन्यांच्या साह्याने मिराईचा सात महिन्यांचा माग काढला आणि २०१७ मध्ये तो युसनिक्स परिषदेत मांडला. त्यांची युक्ती समजून घेण्याजोगी आहे.

त्यांच्याजवळ ४७ लाख रिकामे पत्ते होते. म्हणजे ज्या घरात कोणीच राहत नाही अशा घरांचे ओसाड गावच म्हणा ना. तेथे कोणाचेही पत्र येण्याचे कारण नाही. म्हणून तेथे जो दार ठोठावतो, तो एकतर वाट चुकलेला किंवा चोर. संशोधकांनी हे ठोठावणे फक्त टिपून ठेवले. पण त्यातला मिराई कोणता, हे ओळखायचे कसे? येथे चोराचा आळस कामी आला. इंटरनेटवर संभाषण सुरू करताना पहिल्या चिठ्ठीवर एक क्रमांक घालावा लागतो. सरळमार्गी यंत्र तो क्रमांक दर वेळी वेगळा, अंदाज न लागणारा निवडते. मिराई मात्र ज्या घरी चिठ्ठी जायची, त्या घराचा पत्ताच क्रमांक म्हणून टाकी. आम्ही आयुष्यभर आवक-जावकच्या नोंदी ठेवणारे. एखाद्या कार्यालयाने पाठविलेल्या प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक आणि घेणाऱ्याच्या घराचा क्रमांक एकच निघू लागला, तर कोणत्याही कारकुनाच्या भुवया उंचावतील. त्याच खुणेवरून लाखो यंत्रांची मोजदाद झाली.

जोडीला त्यांनी मुद्दाम कमकुवत दिसणारी खोटी यंत्रे मांडून ठेवली. चोर आला की त्याने काय आणले, कोणाचा हुकूम घेतला, हे त्यातून कळे. या अभ्यासातून तीन गोष्टी निघाल्या. पहिली, बळी पडलेली यंत्रे बहुतांशी कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डिंग ठेवणारे डीव्हीआर आणि राउटर होती. दुसरी, ब्राझील, कोलंबिया, व्हिएतनाम अशा देशांत त्यांची संख्या मोठी होती. स्वस्त माल जेथे खपतो, तेथे हा रोग अधिक. यात गरिबाचा दोष नाही. पैसा वाचविण्यासाठी एकच पासवर्ड लाखो डब्यांत घालणाऱ्या कारखानदाराचा तो दोष आहे. तिसरी गोष्ट, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की मिराई पुसला जाई, कारण तो तात्पुरत्या स्मृतीत राही. पण पासवर्ड तोच असेल, तर थोड्याच वेळात तो परत येई. घर झाडले, पण दार उघडेच ठेवले, तर दुसरे काय होणार?

अशा अभ्यासांचा परिणाम कायद्यावर झाला. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घालून अशी यंत्रे विकण्यास बंदी आली. आपल्या देशातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेची तपासणी सक्तीची करणारा नियम २०२४ मध्ये निघाला व एप्रिल २०२५ पासून लागू झाला. परंतु त्यापूर्वी बसविलेल्या कॅमेऱ्यांचे काय? ते भिंतीवर आहेतच.

याच वाटेने वैद्यकातही सुधारणा झाली, ती थोडक्यात सांगतो. हृदयाचे ठोके बिघडल्यास झटका देऊन ते ताळ्यावर आणणारे यंत्र रुग्णाच्या छातीत बसवतात. डॉक्टर बाहेरून बिनतारी लहरींनी त्याच्याशी बोलतात. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स व वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनी डॉक्टरांना सोबत घेऊन प्रयोगशाळेत, कोणाही रुग्णाला न लावलेल्या अशा यंत्रावर प्रयोग केले. जवळून बोलल्यास परका माणूसही त्यातली माहिती वाचू शकतो आणि झटक्याचा हुकूम देऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती करण्यास सांगण्यात आले. दोष वेळीच सांगणारा संशोधक हा यंत्राचा वैरी नसतो, रुग्णाचा सोबती असतो.

राजकोटची घटना

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणेल. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मधले राजकोट आठवावे. तेथील एका प्रसूती रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची कॅमेऱ्यातली चित्रे यूट्यूबवर झळकली आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकली जात असल्याचे उघडकीस आले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने धरपकड केली. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातील लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे अनेक ठिकाणच्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड जुळवून-जुळवून ही चित्रे चोरण्यात आली होती.

बाळंतपणाच्या तपासणीला आलेली बाई डॉक्टरांच्या भरवशावर येते. तिला त्या खोलीत कॅमेरा आहे हेही ठाऊक नसेल. ज्या खोलीत स्त्रीची तपासणी होते, तेथे कॅमेरा मुळात लावलाच का, हा पहिला प्रश्न. लावला तर त्याचे कुलूप इतके तकलादू का, हा दुसरा. आमच्या भगिनींना आमचे सांगणे आहे की दवाखान्यात, ब्युटी पार्लरमध्ये, कपड्याच्या दुकानातल्या बदलण्याच्या खोलीत कॅमेरा दिसला, तर संकोच न करता विचारा. लाज विचारणारीला वाटू नये, लावणाऱ्याला वाटावी.

घड्याळ बोलले, पण किती?

आता पुराव्याकडे वळू. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात २३ डिसेंबर २०१५ रोजी एका विवाहितेचा तिच्याच घरात गोळी घालून खून झाला. पतीने सांगितले की सकाळी नऊच्या सुमारास एक बुरखेधारी घरात होता, पत्नी व्यायामशाळेतून परतताच त्याने तिला मारले. परंतु तिच्या अंगावर पावले मोजणारे यंत्र होते. त्यातली नोंद सांगत होती की ती दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत चालत-फिरत होती. पतीची हकीकत खरी धरली, तर गाडीपासून तळघरापर्यंत ती फार तर सव्वाशे फूट चालली असती. यंत्राने मोजले १२१७ फूट. या नोंदीला घरातल्या धोक्याच्या घंटीची आणि संगणकाच्या वापराची नोंद जोडली गेली. मे २०२२ मध्ये ज्यूरीने पतीला दोषी ठरविले आणि ऑगस्टमध्ये त्याला ६५ वर्षांची शिक्षा झाली. त्या माउलीला बोलता आले नाही, पण तिच्या अंगावरच्या लहानशा यंत्राने तिची बाजू मांडली.

मात्र यंत्राची साक्ष म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे कोणी समजू नये. त्याच वर्षी आर्कान्सा राज्यात एका घरी पाहुणा मृतावस्थेत सापडला. घरात बोललेले ऐकून काम करणारे 'इको' नावाचे यंत्र होते, पाण्याचा मीटरही तासातासाची नोंद ठेवणारा होता. रात्री एक ते तीनच्या दरम्यान भरपूर पाणी वापरल्याची नोंद मिळाली, त्यावरून रक्त धुतल्याचा संशय आला. घरमालकावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी वकिलांनीच खटला काढून घेतला, कारण उपलब्ध पुराव्याचा एकाहून अधिक वाजवी अर्थ निघत होता. मीटरने पाणी सांगितले, पाणी का वापरले ते सांगितले नाही.

संशोधकांचे काम येथेच आहे. कोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या इको यंत्राचा अभ्यास मांडला. त्यांना आढळले की डबा फोडून पाहण्याने भागत नाही. माहितीचा काही भाग कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, काही मालकाच्या मोबाईलमध्ये आणि काही यंत्राच्या चिपमध्ये असतो. तिन्ही ठिकाणचे तुकडे एकत्र जुळवले तरच हकीकत उभी राहते. म्हणजे तपास अधिकाऱ्याने नुसता डबा जप्त करून पिशवीत घातला, तर अर्धा पुरावा बाहेरच राहतो.

जालन्याची वेळ आणि लाखेची मोहोर

आपल्याकडे या प्रश्नाचा मोठा निकाल जालन्याच्या निवडणुकीवरून लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांची चित्रे हा त्यातला महत्त्वाचा पुरावा. परंतु अशा पुराव्यासोबत, तो ज्या यंत्रातून निघाला ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्या जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र लागते. वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नकलेसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र पक्षकाराने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरीही ते दिले गेले नाही, तर त्याच्यावर अन्याय होऊ देता येणार नाही. सामान्य माणसासाठी या निकालाचा अर्थ एवढाच : तोंडी मागू नका, लेखी मागा, पोच घ्या, नकार आला तर तोही जपून ठेवा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात 'हॅश' नावाचा आकडा लिहावा लागतो. तो काय असतो? पूर्वी जप्त मुद्देमाल कापडात शिवून लाखेची मोहोर करीत. मोहोर फुटली की कळे. हॅश ही आकड्यांची मोहोर होय. चित्रफितीतली सारी माहिती एका ठरावीक गणितातून काढली की एक लांबलचक आकडा मिळतो. फितीत एका ठिपक्याचा जरी फरक केला, तरी आकडा पार बदलतो. खतावणीत मध्येच एक रक्कम खोडली की खालची बेरीज जुळत नाही, तसाच हा प्रकार. जप्तीच्या वेळचा आकडा आणि न्यायालयातला आकडा एकच असेल, तर मध्ये कोणी हात लावला नाही असे म्हणता येते.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. मोहोर फक्त जप्तीनंतरचे सांगते. जप्तीपूर्वीच कोणी यंत्रात काही नेऊन ठेवले असेल, तर ते मोहोर सांगत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात हाच वाद उभा राहिला. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने एका आरोपीच्या लॅपटॉपच्या नकलेची तपासणी केली. परक्याने घुसविलेल्या प्रोग्रॅमच्या साह्याने त्यात पत्रे पेरण्यात आली, असा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. खरे-खोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, त्यात आम्ही पडत नाही. परंतु एवढे तर स्पष्ट आहे की यंत्रातले अक्षर पाहिले की त्या माणसाचेच अक्षर, असे समजण्याचे दिवस गेले. अक्षर कोणी, कधी, कोठून लिहिले हे शोधणारा निःपक्ष तज्ज्ञ लागतो. आणि असा तज्ज्ञ फक्त श्रीमंताच्या वकिलालाच परवडत असेल, तर न्यायाचा तराजू सरळ राहणार कसा?

पोलीस ठाण्यांविषयीही एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. तशी यंत्रसामग्री बाजारात मिळत नसल्यास निदान एक वर्ष. आपला मुलगा चौकशीला नेला आणि मारहाणीची तक्रार असेल, तर हे चित्रण जपून ठेवावे असा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

घरी काय करावे?

पहिले काम पासवर्डचे. कॅमेरा, डीव्हीआर आणि वायफायचा डबा या तिन्हींचे कारखान्याचे पासवर्ड बदला. मुलाचे नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर नको. बसवणाऱ्या मुलाकडूनच, पैसे देण्यापूर्वी, आपल्यासमोर बदलून घ्या आणि त्याच्या मोबाईलमधली आपली जोडणी काढायला लावा. पासवर्ड वहीत लिहून ट्रंकेत ठेवला तरी चालेल. ट्रंकेपर्यंत परदेशातला चोर येत नाही.

दुसरे, जे दूरून पाहण्याची गरज नाही ते दूरून दिसू देऊ नका. दुकानात बसूनच चित्र पाहायचे असेल, तर इंटरनेटची जोडणी कशाला? घराच्या आत, झोपण्याच्या व कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नकोच. मोबाईलवरचे अॅप आणि यंत्राचा आतला प्रोग्रॅम अद्ययावत करण्याची सूचना आली, तर टाळू नका.

तिसरे, वस्तीत मारामारी, छेडछाड, अत्याचार असा प्रसंग घडला, तर डीव्हीआरकडे ताबडतोब लक्ष द्या. जागा भरली की डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहितो. काही दिवसांनी पुरावा आपोआप नाहीसा होतो. म्हणून पोलिसांना लेखी कळवून ते जप्त करण्याची मागणी करा. डीव्हीआरचे घड्याळ आणि खरी वेळ यांत किती मिनिटांचा फरक आहे, ते दोन साक्षीदारांसमोर कागदावर टिपा. दहा मिनिटांच्या फरकावर खटला फिरू शकतो. मूळ चित्रण कापू नका, त्यावर बाण-वर्तुळे काढू नका. व्हॉट्सअॅपवरून पाठविलेली फीत लहान होऊन जाते, ती मूळ फीत राहत नाही.

चौथे, पैशाची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. चित्रांचा गैरवापर झाला तर पोलिसांच्या सायबर शाखेत किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करा. मुलीला धमकावण्यात येत असेल, तर तिला रागावू नका. गप्प राहण्यावरच या गुन्हेगारांचा धंदा चालतो.

शिकणाऱ्या मुलामुलींसाठी

शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा मुद्दा शिक्षणाचा. या क्षेत्रात माणसे हवी आहेत. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांनी पाच वर्षांच्या मुदतीत ती अमलात आणायची आहे. एवढे तज्ज्ञ येणार कोठून? गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने झाले, त्याचे एक केंद्र गोव्यातही आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. संगणकाकडून येऊ इच्छिणाऱ्यांना पुण्याचे सी-डॅक आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची शिष्यवृत्ती आहे, तिच्या अर्जाची तारीख चुकवू नये. मात्र 'तीन महिन्यांत सायबर तज्ज्ञ' अशा पाट्या लावून पन्नास हजार उकळणाऱ्या क्लासांपासून सावध राहा. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता आहे का, हे आधी लेखी विचारा.

आपल्या घरातली मुले मोबाईल दुरुस्त करतात, केबल ओढतात, कॅमेरे बसवतात. यंत्राची भीती त्यांना नाही. त्यांच्या हाती नुसता पाना-पक्कड न राहता त्या यंत्राची आतली विद्याही यावी. उद्या न्यायालयात एखाद्या गरिबाच्या बाजूने उभे राहून, "या चित्रणात कोणी हात घातला आहे आणि तो असा घातला आहे," हे पुराव्यानिशी सांगणारी मुलगी आपल्या वसाहतीतून निघावी, ही आमची इच्छा आहे. तोवर प्रत्येक घराने निदान एक काम करावे. आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना जवळ बसवून घरातल्या डब्याचा पासवर्ड बदलावा आणि तो का बदलला, हे त्यांच्याच तोंडून म्हाताऱ्यांना सांगवून घ्यावे.